आकडा निवडावा की लिहावा?

साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर शिलालेख वाचले, बखरी वाचल्या, जाहिराती आणि एस.टी.च्या गाड्यांतल्या सूचनासुद्धा वाचून त्यांवर निबंध लिहिले. सरकारी अर्ज मात्र आपल्या वाचनाच्या कक्षेबाहेरच राहिला. वास्तविक एकही कादंबरी न वाचता आयुष्य काढलेली माणसे पुष्कळ भेटतील. एकही अर्ज न भरता काढलेली सहसा भेटणार नाहीत. बहुसंख्य लोकांच्या हातून आयुष्यात जे काही लेखन होते, त्यातला मोठा वाटा अर्जाचा असतो. प्रश्न दुसऱ्याचे, उत्तरे आपली, आणि उत्तरांची लांबी-रुंदी पुन्हा दुसऱ्याने आखलेली, असा हा चमत्कारिक लेखनप्रकार आहे.

हा अर्ज गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कागदावरून पडद्यावर आला. या स्थलांतरात एक गोष्ट हरवली आणि तिची फारशी नोंद कोणी घेतली नाही. कागदी अर्जाला समास होता. रकान्यात मावले नाही तर माणूस समासात लिहीत असे: "अंदाजे", "वडिलांच्या सांगण्यावरून", "मूळ कागद सापडत नाही". कारकून कुरकुर करी, पण ते शब्द कागदावर राहत. पडद्यावरच्या अर्जाला समास नसतो. जे चौकटीत बसत नाही ते लिहिलेच जात नाही आणि जे लिहिले जात नाही ते पुढे कोणाला दिसतही नाही. हे सर्वांत तीव्रतेने जाणवते ते आकड्यांच्या बाबतीत, म्हणून प्रस्तुत लेखात तेवढ्याच मुद्द्याचा विचार केला आहे.

पुष्कळ आकड्यांतून एक आकडा सांगायचा असेल, तर तो कसा घ्यावा? टिचकी मारताच खाली उघडणाऱ्या यादीतून, म्हणजे ड्रॉपडाऊनमधून, निवडू द्यावा? चौकटीशेजारच्या बाणांनी एकेक करत वर-खाली नेऊ द्यावा? की मोकळी चौकट ठेवून कळफलकावरून लिहू द्यावा? वरकरणी हा प्रश्न तंत्रज्ञांचा वाटतो. माझे म्हणणे असे की, हा खरेपणाचा प्रश्न आहे. यादी आकडा वैध ठेवते. तो खरा असेल याची हमी ती देत नाही. आपले बहुतेक अर्ज वैधतेलाच खरेपणा समजून चालतात.

उदाहरणासाठी महाड आणि पोलादपूर हे दक्षिण रायगडातले दोन तालुके घेतो. सावित्रीच्या खोऱ्यातला हा मुलूख डोंगराळ. सपाटीला भाताची खाचरे, चढावर नाचणी-वरीची वरकस जमीन, आणि दोन्हींचे पिढ्यानपिढ्या पडत गेलेले तुकडे. घरटी एक-दोन माणसे मुंबई-ठाण्याला. जमिनीचा उतारा गावाला लागतो, तसाच तो मुंबईत बसलेल्या भावंडांनाही लागतो. त्यामुळे सातबाऱ्याचा पडद्यावरचा अर्ज हा इथल्या माणसांचा चांगलाच ओळखीचा मजकूर आहे.

'महाभूलेख' या संकेतस्थळावर वर्षानुवर्षे रूढ असलेली रीत पाहण्यासारखी आहे. जिल्हा यादीतून निवडायचा, तालुका यादीतून, गाव यादीतून. रायगड जिल्ह्याचे तालुके पंधरा; अलिबागपासून पोलादपुरापर्यंत ती यादी एका नजरेत बसते. इथे यादी योग्यच आहे. पर्याय थोडे आहेत, ठाऊक आहेत, आणि 'महाड' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसह टंकण्यापेक्षा निवडणे सोपे आहे. त्यानंतर मात्र सर्व्हे किंवा गट क्रमांक येतो, आणि तिथे रीत बदलते: क्रमांकाचा पहिला भाग स्वतः लिहायचा, 'शोधा' म्हणायचे, आणि मग त्या क्रमांकाखाली जेवढे हिस्से असतील तेवढ्यांचीच यादी समोर येते. गावातले सगळे हिस्से एकाच यादीत घातले असते, तर आपला हिस्सा शोधताना बोट आणि डोळे दोन्ही थकले असते. शिवाय यंत्राने आकड्यांना अक्षरे मानून क्रम लावला की १ नंतर १०, मग ११, आणि पुष्कळ वेळाने २ असा प्रकार होतो. ज्याने ही दोन पायऱ्यांची रीत बसवली, त्याला एक गोष्ट उमगली होती: शेतकऱ्याला आपला सर्व्हे नंबर ठाऊक असतो. जे ठाऊक आहे ते विचारावे, आणि जे नीट आठवत नाही, म्हणजे हिस्स्याचा 'अ' की 'ब', तेवढेच दाखवावे. अर्जातला हा एक समंजस क्षण आहे.

असे क्षण विरळ असतात, कारण अर्ज लिहिणाऱ्यांच्या लेखी आकडा म्हणजे आकडा. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ठाऊक असते की, एकाच अंकचिन्हाने लिहिलेल्या गोष्टी अर्थाने एकच असतील असे नाही. ढोबळमानाने आकडे तीन प्रकारचे. काही आकडे ही नावे असतात: सर्व्हे नंबर, पिनकोड, आधार क्रमांक. काही आकडे मापे असतात: क्षेत्र, उत्पन्न, पुराच्या पाण्याची उंची. आणि काही आकडे ही काळाच्या ओळीतली ठिकाणे असतात: जन्मतारीख, फेरफाराची तारीख. या तिन्हींना एकच चौकट देणे म्हणजे विशेषनाम, विशेषण आणि क्रियाविशेषण एकाच प्रत्ययाने चालवण्यासारखे आहे.

नावापासून सुरुवात करू. महाडचा पिनकोड ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत ज्यांनी आखली, ते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या सहा अंकांत एक रचना आहे. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपालाची छाननी करणाऱ्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन डाकघराचे. पोलादपूर हे महाडपेक्षा दोनाने जास्त आहे, असे म्हणण्याला काही अर्थ नाही. तरीही पुष्कळ अर्ज पिनकोडासाठी अशी चौकट वापरतात की जिच्या कडेला वर-खाली बाण असतात. वरचा बाण दाबला की महाडच्या पिनकोडात एक मिळवला जातो. 'एचटीएमएल'मध्ये आकड्यांसाठी जी खास चौकट आहे तिचा हा परिणाम. ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळांचे आराखडे ठरवणाऱ्या चमूने २०२० साली ही खास चौकट वापरणे थांबवले आणि साधी मजकुराची चौकट, पण भ्रमणध्वनीवर अंकांचा कळफलक उघडणारी, असा मार्ग धरला. कारणे व्यवहारातली होती. माऊसचे चाक नकळत फिरले की लिहिलेला आकडा बदलतो आणि लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही. फार मोठा आकडा असेल तर काही ब्राउझर त्याला परस्पर गोल करून टाकतात. नावाला कोणी गोल करत नाही. आधार क्रमांक हे नाव आहे, एवढे ओळखले तरी पुढचे पुष्कळ सोपे होते.

याच चौकटीची दुसरी खोड आपल्या लिपीशी संबंधित आहे. ती इंग्रजी अंकच ओळखते. आपल्या राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी "भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप" ठरवले. रूप भारतीय अंकांचेच, हा त्या शब्दयोजनेतला अभिमान मौजेचा आहे. पण सातबारा मराठीत, त्यावरचे अंक देवनागरीत, भ्रमणध्वनीचा कळफलक मराठी, आणि तोच अंक देवनागरीत लिहिला की अर्ज म्हणतो, 'योग्य आकडा भरा'. देवनागरी ७ चा इंग्रजी ७ करणे हे यंत्राला क्षणाचे काम. ते माणसावर ढकलण्याचे काहीच कारण नाही.

मापांची गोष्ट याहून गंभीर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत असे. आता शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवर पीक आणि त्याखालचे क्षेत्र भरायचे. शेतकऱ्याच्या हाती स्वतःच्या नोंदीची लेखणी आली, ही या योजनेतली खरोखर चांगली गोष्ट. पण लेखणी आली तरी भाषा कोणाची? पोलादपूरच्या एखाद्या वाडीतला माणूस आपल्या खाचराला "साडेतीन गुंठे" म्हणतो. नोंद मागते हेक्टर आणि आर. एका एकराचे गुंठे ४०, गुंठा म्हणजे १२१ चौरस यार्ड, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा आणि आर इतके जवळ आहेत की एकाला दुसरे म्हटले तरी फारसे बिघडत नाही. बिघडते ते दशांशचिन्हात. साडेतीन गुंठे म्हणजे सातबाऱ्याच्या पद्धतीने ०.०३.५४, म्हणजे शून्य हेक्टर, तीन आर, चोपन्न चौरस मीटर. एकाच चौकटीत हेक्टर लिहायचे असतील आणि घाईत एक शून्य गळले, तर साडेतीन गुंठ्यांचे पस्तीस होतात. विदर्भातल्या मोठ्या जमिनीच्या नोंदीत अशी चूक डोळ्यांत भरेल. जिथे बहुतेक तुकडे गुंठ्यांत मोजावे लागतात, तिथे दशांशचिन्हानंतरचे पहिले शून्य हीच माणसाची जमीन असते. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न आला की हीच नोंद समोर येते, आणि हस्तदोष दुरुस्त करून घ्यायचा तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज, फेऱ्या आणि प्रतीक्षा.

इथे यादी देऊन भागत नाही. क्षेत्राची यादी कोण करणार? उपाय असा की, माणसाला त्याच्या मापात बोलू द्यावे. 'साडेतीन' आणि 'गुंठे' त्याने सांगावे, रूपांतर यंत्राने करावे आणि उत्तर शब्दांत परत वाचून दाखवावे: "तीन आर, चोपन्न चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेतीन गुंठे. बरोबर?" मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी अपूर्णांकांची स्वतंत्र, वापराने गुळगुळीत झालेली नावे आहेत. ज्या भाषेने अपूर्णांकाला इतके घरगुती करून ठेवले, त्या भाषेतल्या अर्जाला दशांशचिन्हाशिवाय दुसरे काही समजू नये, ही दरिद्री अवस्था आहे.

परत वाचून दाखवण्याचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा. आपल्याकडे अर्ज ज्याचा असतो तोच भरतो असे नाही. तो सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार' सेवा केंद्रात जातो; आकडे तो सांगतो, टंकतो दुसराच. म्हणजे हा मजकूर मौखिक असतो आणि मग लिखित होतो. मराठीत दोन अंकी संख्येचे नाव एककापासून सुरू होते: 'सत्तेचाळीस' ऐकताना आधी सात येतो, मग चाळीस, टंकताना आधी ४, मग ७. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत आली, तेव्हा मोठा वाद झाला. मंगला नारळीकरांनी त्या बदलाच्या बाजूने मांडलेली भूमिका अशी होती की, ऐकलेले आणि लिहायचे यांतली ही उलटापालट मुलांना अडते. भाषेचे काय व्हावे, हा वेगळा प्रश्न. मी 'त्रेपन्न' सोडायला तयार नाही. पण मुलांना जे अडते ते गर्दीच्या वेळी, दहा माणसे रांगेत असताना, टंकणाऱ्यालाही अडते. त्यावर यादी हा उपाय नाही. टंकलेला आकडा अक्षरांत, मोठ्या ठशात पडद्यावर उमटावा आणि तो सांगणाऱ्याला दिसावा किंवा वाचून दाखवला जावा, हा उपाय आहे. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहायची रीत आपण याच कारणासाठी पाळत आलो.

आता तिसरा प्रकार: तारीख. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहीत. त्यात लबाडी नव्हती. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, एवढेच. पण पुढे तोच आकडा दाखल्यावरून प्रमाणपत्रावर, तिथून नोकरीच्या कागदांवर, आणि निवृत्तीच्या दिवशी पुन्हा माणसासमोर आला. अंदाज होता हे कोणालाच आठवेना, कारण तो अंदाज आहे असे लिहायला जागाच नव्हती.

पडद्यावरच्या यादीने हीच गोष्ट पुढे नेली आहे. दिवसाची यादी ३१ ओळींची, महिन्याची १२, वर्षाची शंभराहून अधिक. १९५१ साली जन्मलेल्या बाईंना आपले वर्ष गाठण्यासाठी बोटाने सत्तरेक ओळी सरकवाव्या लागतात आणि शेजारच्या १९५२ वर बोट थांबले तर यंत्राला काहीच वावगे वाटत नाही. लिहिताना होणारी चूक बहुधा ओरडून सांगते: १९५१ च्या जागी १९५११ किंवा १५९१ झाले, तर कोणीही थांबेल. यादीतून होणारी चूक सभ्य असते. ती शेजारच्या वर्षाची असते, शक्य कोटीतली असते आणि म्हणून सापडत नाही. यादीमुळे चुका कमी होतात असे जे म्हटले जाते, त्यात एवढेच खरे आहे की यादीमुळे दिसणाऱ्या चुका कमी होतात.

यावर असा आक्षेप येईल की, मोकळ्या चौकटीत लोक वाटेल ते लिहितील आणि कोट्यवधी नोंदी साफ करत कोण बसणार? आक्षेप पोकळ नाही. प्रशासनाला मोजणी करावी लागते, आणि मोजणीला सारखेपणा लागतो. पण सारखेपणा नंतर आणता येतो. गेलेला खरेपणा नंतर आणता येत नाही. शिवाय मोकळीक म्हणजे तपासणीचा अभाव नव्हे. वर्ष लिहू द्यावे आणि ते अशक्य असेल तर तिथल्या तिथे विचारावे. आकडा घेताना तो कशावरून सांगितला, हेही सोबत घ्यावे. हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्याच देशात आहे. आधारच्या नोंदणीत जन्मतारखेसाठी तीन प्रकार ठेवले गेले: पडताळलेली, सांगितलेली आणि अंदाजे. तारीख ठाऊक नसेल तर वय सांगून वर्ष काढण्याची सोय ठेवली. त्या योजनेवर इतर पुष्कळ टीका करता येईल, पण तिच्या अर्जात, या एका जागी का होईना, समास आहे.

महाडसारख्या ठिकाणी हा समास चैनीचा विषय राहत नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा दिवसानंतर माणसाला जे अर्ज भरावे लागतात, ते त्याने कागदांशिवाय भरायचे असतात, कारण घरात पाणी शिरले की कागदही भिजतात. क्रमांक अर्धा आठवतो, तारीख अंदाजे आठवते, पाणी किती चढले तर "पुरुषभर" किंवा "माळ्याला लागले" असे आठवते. यातली प्रत्येक गोष्ट खरी साक्ष आहे. फुटांची यादी समोर ठेवली, तर तो माणूस पाच किंवा सहा यांपैकी काहीतरी निवडील, आणि त्याच्या साक्षीतला नेमका भाग, म्हणजे पाणी माळ्याला लागले होते हा, पुसला जाईल. मग आकडे जुळतात की नाहीत यावरून त्याच्या प्रामाणिकपणाचा निवाडा होईल.

जनगणना अभ्यासणाऱ्यांना हे जुने ठाऊक आहे. वय विचारले की लोक शून्य आणि पाच या अंकांवर संपणारी वये अधिक सांगतात. वयांच्या तक्त्यात त्या जागी उंचवटे दिसतात आणि ते किती कृत्रिम आहेत हे मोजण्याची सूत्रेही आहेत. लोक खोटे बोलतात असा त्याचा अर्थ नाही. "पन्नाशीची असेन" हे मराठीत संपूर्ण आणि खरे वाक्य आहे. ५० हे त्याचे सदोष भाषांतर आहे. १ मार्च २०२७ या संदर्भ-दिनांकाच्या जनगणनेची आखणी पडद्यावर भरण्याची झाली आहे, आणि कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही मुभा त्यात ठेवली आहे. म्हणजे हे भाषांतर आता जागोजागी होणार.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. अर्ज तयार होताना तंत्रज्ञ असतो, प्रशासक असतो, कधी कायदेतज्ज्ञही असतो. भाषेचा माणूस नसतो. आपणही तिथे जाण्याचा आग्रह कधी धरला नाही. एखाद्या वर्गात कवितेच्या शेजारी सातबाऱ्याचा अर्ज ठेवून पाहावा. प्रत्येक चौकटीला विचारावे: हा आकडा नाव आहे, माप आहे, की काळातले ठिकाण? उत्तर देणाऱ्याला तो ठाऊक असणार की नाही? ठाऊक असेल तर त्याला लिहू का देत नाही, आणि ठाऊक नसेल तर तसे म्हणू का देत नाही? एवढे प्रश्न विचारायला संगणकशास्त्र यावे लागत नाही. शब्द आणि त्याचा अर्थ यांतले अंतर ओळखायची सवय लागते, आणि ती तर आपल्या शिक्षणाचा गाभा आहे. कागदावरचा समास कोणी ठरवून दिला नव्हता. कागद चौकटीपेक्षा मोठा होता म्हणून तो मिळाला. पडद्यावर तो आपोआप मिळणार नाही. तो मागावा लागेल, आणि त्याची गरज कोणती हे शब्दांत सांगू शकणाऱ्यांनी तो आधी मागायला हवा.